हळदीची तीस वर्षांची परीक्षा

(वाशीम जिल्ह्यातील आसेगाव येथे स्वदेशी उद्योग या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वाशीम आणि शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्यांसमोर हळदीविषयी बोलणे म्हणजे काशीत जाऊन गंगेचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. कंद खणणे, ते शिजवणे, पंधरा-पंधरा दिवस उन्हात वाळवणे, पॉलिश करून हळकुंड बाजारात नेणे हे कष्ट इथल्या कित्येक घरांनी केलेले आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सांगलीच्या हळदीला त्याआधी २०१८ मध्ये मिळाले होते. त्यामुळे हळद कशी पिकवावी, हा आजचा विषय नाही. हळद म्हणजे नेमके काय, हे सिद्ध करण्यासाठी एका मराठी कुटुंबाला स्वतंत्र भारताच्या न्यायालयांत जवळजवळ तीस वर्षे उभे राहावे लागले. त्या कुटुंबाची आणि त्याच्या उद्योगाची ही हकिगत आहे. उद्योगाचे नाव विको लॅबोरेटरीज, आणि कुटुंब नागपूरच्या पेंढरकरांचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले.

व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून संकटकाळातील नेतृत्व हा विषय शिकवला जातो, तेव्हा बहुधा अमेरिकेचे उदाहरण दिले जाते. १९८२ च्या शरद ऋतूत शिकागो परिसरात टायलेनॉल नावाच्या वेदनाशामक कॅप्सूलमध्ये कोणा नराधमाने सायनाइड मिसळले आणि सात माणसे दगावली. जॉन्सन अँड जॉन्सनचे प्रमुख जेम्स बर्क यांनी देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, दहा कोटी डॉलर्सहून अधिक तोटा सोसला आणि छेडछाड करता येणार नाही अशा वेष्टनात तेच औषध पुन्हा बाजारात आणले. आपल्याकडेही २००३ मध्ये कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. २०१५ मध्ये मॅगीवर बंदी आली, तीस हजार टनांहून अधिक शेवया नष्ट कराव्या लागल्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द ठरवली. ही संकटे वादळासारखी आली आणि काही महिन्यांत ओसरली. वर्तमानपत्रांनी त्यांचे रकाने भरले. त्यांना तोंड देणाऱ्या कंपन्यांपाशी परदेशातील मातृसंस्थांचे अफाट भांडवलही होते.

वाळवीसारखे येणारे संकट निराळे. ते वर्तमानपत्रात दिसत नाही. एक नोटीस येते, मग दुसरी येते. तारखा पडत राहतात, अधिकारी बदलतात, वकील म्हातारे होतात. कारखाना रोज चालवायचा, कामगारांचे पगार वेळेवर द्यायचे, आणि उशाशी मात्र अशा देण्याची टांगती तलवार ठेवून झोपायचे, की निकाल विरुद्ध गेला तर कारखाना विकूनही ते फिटू नये. पेंढरकरांच्या वाट्याला आलेले संकट या जातीचे होते.

केशव विष्णु पेंढरकर हे मूळचे नागपूरचे. तिथे त्यांचे किराणा मालाचे छोटे दुकान होते. संसार मोठा आणि मिळकत तुटपुंजी, म्हणून ते मुंबईला आले. त्यांनी अनेक किरकोळ उद्योग करून पाहिले, काही फसलेही. मुंबईच्या बाजारात विलायती टूथपेस्ट आणि विलायती क्रीम यांचे राज्य आहे आणि शिकलेल्या मध्यमवर्गाला त्यांचीच भूल पडली आहे, हे त्यांच्या व्यापारी नजरेने हेरले. बाभूळ, वज्रदंती, खैर अशा वनस्पतींनी शतकानुशतके दात घासणाऱ्या देशात ही स्थिती होती. आयुर्वेदाची जाण असलेल्या आप्ताच्या साहाय्याने त्यांनी वनस्पतींचे दंतमंजन सिद्ध केले आणि १९५२ मध्ये परळच्या छोट्याशा जागेत उद्योगाचा श्रीगणेशा केला. घरातील मुले आणि वडील पिशवीत मंजन घालून दारोदार विकत. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाच्या आद्याक्षरांतून ‘विको’ हा शब्द आला. विलायती वाटणाऱ्या त्या नावात पेंढरकरांचे वडील विष्णुपंत बसलेले आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल!

केशवरावांचे पुत्र गजाननराव औषधनिर्माणशास्त्र शिकून उद्योगात आले. आयुर्वेदाला आधुनिक प्रयोगशाळेची जोड मिळाली ती तेव्हा. १९७१ मध्ये केशवराव निवर्तले आणि धुरा गजाननरावांकडे आली. १९७५ मध्ये त्यांनी हळद आणि चंदनतेल असलेले क्रीम बाजारात आणले. बाजाराची पहिली प्रतिक्रिया उपहासाची होती. हळदीचे क्रीम तोंडाला लावायचे, म्हणजे काय रोज हळदीचा समारंभ करायचा? चेहरा पिवळा पडेल, कपड्यांना डाग पडतील. असे सांगतात, की कंपनीचे विक्रेते सोबत आरसा घेऊन दुकानोदुकानी जात, दुकानदाराच्याच चेहऱ्याला क्रीम लावत आणि आरसा पुढे धरत. पिवळेपणा दिसत नसे, आणि दुकानदार माल ठेवून घेई. कोट्यवधींच्या जाहिरातीला न जमणारे काम दहा-बारा रुपयांच्या आरशाने केले. गावात काही विकू पाहणाऱ्या तरुणांनी हा आरसा ध्यानात ठेवावा.

बाजाराची शंका आरशाने फिटली. सरकारची शंका मात्र फिटेना.

केंद्रीय अबकारी खात्याने प्रश्न उपस्थित केला: हे क्रीम आयुर्वेदिक औषध आहे की प्रसाधन? प्रश्न वरकरणी शब्दांचा दिसतो. पण कारखान्याच्या दारातून माल बाहेर पडताना लागणारा कर त्या शब्दावर ठरत असे. आयुर्वेदिक औषधांना कराची मोठी सवलत होती. प्रसाधने ही चैनीची वस्तू मानली जाई आणि त्यांच्यावरचा कर अतिशय चढा असे. हळदीला ‘औषध’ म्हटले तर मध्यमवर्गीय गृहिणीला परवडेल अशा किमतीत नळी विकता येणार, ‘प्रसाधन’ म्हटले तर किंमत बलाढ्य विदेशी क्रीमच्या पंगतीला जाऊन बसणार आणि नवजात उद्योगाची गळचेपी होणार. दंतमंजन आणि टूथपेस्ट यांच्याबाबतही हाच वाद निघाला.

इथे शासनव्यवस्थेची एक गंमत पाहण्यासारखी आहे. औषधे आणि प्रसाधने यांचा कायदा १९४० चा. १९६४ च्या दुरुस्तीने त्यात आयुर्वेदासाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता, अष्टांगहृदय, शार्ङ्गधरसंहिता, भावप्रकाश अशा प्रमाणग्रंथांची यादी त्या कायद्याला परिशिष्ट म्हणून जोडलेली आहे. घटक कोणत्या ग्रंथात सांगितले आहेत ते दाखवायचे आणि आयुर्वेदिक औषधाचा परवाना घ्यायचा, अशी ही व्यवस्था. म्हणजे शासनाचा एक हात प्रमाणग्रंथ पाहून औषध म्हणून परवाना देतो, आणि त्याच शासनाचा दुसरा हात त्याच नळीला प्रसाधन म्हणून कर लावू पाहतो. सुश्रुताने व्रणचिकित्सेत वापरलेली हळद करआकारणीच्या टेबलावर येताच चैनीची वस्तू ठरते. मेकॉलेच्या शिक्षणाने आपल्या प्रशासनाच्या मनावर किती खोल घडी घातली आहे, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागणार नाही. विलायती रसायनाची गोळी निःशंकपणे औषध, आणि आजीच्या डब्यातली हळद मात्र संशयित!

तथापि खात्याची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून किराणा दुकानात मिळणारी, कोणताही रोग नसताना रोज लावली जाणारी वस्तू औषध कशी, असा प्रश्न अशा खटल्यांतून महसूल खाते विचारीत असे. तो निरर्थक नाही. सुगंधी पावडरीत चिमूटभर कडुनिंब घालून ‘आयुर्वेदिक’ असा शिक्का मारणारे आणि सवलत लाटणारे व्यापारी तेव्हाही होते, आजही आहेत. आयुर्वेदाची सर्वांत मोठी हानी त्याच्या शत्रूंइतकीच अशा भक्तांनी केली आहे. त्यामुळे न्यायालयांनी पुढे दोन कसोट्या महत्त्वाच्या मानल्या. पहिली, घटक प्रमाणग्रंथांत सांगितलेले आहेत काय? दुसरी, सर्वसामान्य माणूस व्यवहारात त्या वस्तूला काय समजतो? पहिल्या कसोटीला पोथ्या लागतात, दुसरीला लोकमानस.

पेंढरकरांपुढे त्या वेळी तीन वाटा होत्या. नेतृत्वाची कसोटी इथे लागते, म्हणून थोडे थांबून पाहू. पहिली वाट सोपी होती. प्रसाधन हे नाव मान्य करायचे, कर भरायचा, किंमत वाढवायची. दुसरी वाट त्याहून सोपी आणि त्या परवाना-राजमध्ये अनेकांनी चोखाळलेली होती, तिचे वर्णन करण्याची गरज नाही. तिसरी वाट न्यायालयाची. तिच्यात विलंब होता, खर्च होता आणि अनिश्चितताही होती. खटला चालू असताना ग्राहकाकडून वाढीव कर घेऊन ठेवावा, तर बाजार हातचा जातो. शिवाय १९९१ च्या दुरुस्तीनंतर अशी तरतूद आली, की ग्राहकाकडून वसूल केलेला कर पुढे परत मिळण्याची वेळ आली तरी तो उत्पादकाला न मिळता ग्राहक कल्याण निधीत जातो. न घ्यावा, तर हरल्यावर सगळी थकबाकी दंडासकट स्वतःच्या खिशातून. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच अवस्था.

गजाननरावांनी तिसरी वाट धरली. त्यांचे बंधू यशवंतराव कायद्याचे पदवीधर होते, आणि या प्रदीर्घ लढाईत त्यांच्या कायदेज्ञानाचा मोठा उपयोग झाला. एका भावाच्या हाती प्रयोगशाळा, दुसऱ्याच्या हाती कज्जाची कागदपत्रे. एकत्र कुटुंबपद्धतीला बुरसटलेली म्हणणाऱ्या आधुनिकांनी या श्रमविभागणीचा अभ्यास करावा. भाडोत्री मुख्याधिकारी तीन वर्षांचा करार करून येतो आणि तीन वर्षांत फळ दिसले नाही तर दुसरीकडे जातो. तीस वर्षांचा खटला लढायला तीस वर्षे टिकणारे नाते लागते.

या लढाईचा एक भाग न्यायालयाबाहेर, चित्रपटगृहांत आणि दूरदर्शनवर लढला गेला. विकोची जाहिरातगीते माहीत नसलेले घर त्या काळी विरळा. १९८४ मध्ये दूरदर्शनवर गाजलेल्या ‘ये जो है जिंदगी’ या मालिकेची प्रायोजक विको होती. हळदीच्या क्रीमचे गीत अनेकांना आजही पाठ असेल. त्यात कंपनी स्पष्टपणे सांगत असे, की हे प्रसाधन नाही, आयुर्वेदिक क्रीम आहे. श्रोत्यांना ते यमक वाटले. वस्तुतः ते न्यायालयातील वादाचे सार होते. सर्वसामान्य माणूस वस्तूला काय समजतो, ही कसोटी असेल, तर सर्वसामान्य माणसाला ती वस्तू काय आहे हे वारंवार सांगणे क्रमप्राप्तच होते. या योजनेमागे वकिली डोके होते की व्यापारी, याचा निवाडा करण्याचे कारण नाही, परिणाम दोहोंचा एकच झाला.

ऐंशीच्या दशकात दिवाणी न्यायालयात कंपनीची सरशी झाली आणि मुंबई उच्च न्यायालयानेही तिच्या बाजूने कौल दिला. सामान्य माणसाला वाटेल, संपला वाद. पण १९८५ चा नवा अबकारी दर-कायदा १९८६ च्या फेब्रुवारीअखेर अमलात आला. औषधे तिसाव्या प्रकरणात, प्रसाधने तेहतिसाव्यात, अशी नवी मांडणी झाली, आणि नव्या मांडणीचा आधार घेऊन खात्याने जुना प्रश्न पुन्हा उकरला. नळी तीच होती, घटक तेच होते, परवाना तोच होता. बदलला होता फक्त दरपत्रकाचा कागद. पुन्हा नोटिसा आल्या, पुन्हा सुनावण्या झाल्या.

याच काळात हळदीवर आणखी एक आक्रमण झाले, तेही सातासमुद्रापलीकडून. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. आपल्या माउलींनी खरचटलेल्या गुडघ्यावर हळद दाबायची, आणि तो शोध अमेरिकेच्या नावावर! ते संशोधक मूळचे भारतीयच होते, ही गोष्ट अधिक बोचणारी. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर या गोव्यात जन्मलेल्या मराठी शास्त्रज्ञाने त्या पेटंटला आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील आणि आधुनिक नियतकालिकांतील बत्तीस संदर्भ गोळा करण्यात आले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ते पेटंट रद्द केले. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला तो या अनुभवातून.

आता ही विसंगती पाहा. भारत सरकारची एक संस्था वॉशिंग्टनमध्ये जाऊन सांगत होती, की हळदीचा औषधी उपयोग आम्हाला शतकानुशतके ठाऊक आहे. त्याच सरकारचे दुसरे खाते त्याच वर्षांत मायदेशात म्हणत होते, की हळदीचे हे क्रीम औषध नाही. दोन्ही फायली दिल्लीतच होत्या. त्या एकमेकींना कधी भेटल्या असत्या तर कित्येक वर्षे वाचली असती.

नागपुरात १९९१ मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशी जागरण मंचाची स्थापना केली. खुल्या अर्थव्यवस्थेचे ढोल वाजत असताना दत्तोपंत सांगत, की स्वदेशी म्हणजे परकीय मालाचा केवळ द्वेष नव्हे, आपल्या समाजाच्या प्रतिभेवर आणि प्रज्ञेवर विश्वास. ऑक्टोबर २००४ मध्ये दत्तोपंतांनी देह ठेवला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, डिसेंबर २००४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या केंद्रीय अबकारी आयुक्तांविरुद्ध विकोच्या बाजूने निकाल दिला. तरीही नोटिसांचे सत्र पुरते थांबले नव्हते. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की एकदा अंतिमतः ठरलेला प्रश्न कारणे दाखवा नोटिसीच्या वाटेने परत उकरून काढता येणार नाही, तसे करणे हा प्रक्रियेचा दुरुपयोग आहे.

यातून असा समज होऊ नये, की आयुर्वेदाचे नाव घेतले की न्यायालय मान डोलावते. वैद्यनाथसारख्या जुन्या आणि प्रतिष्ठित संस्थेच्या लाल दंतमंजनाचा खटला त्याच सर्वोच्च न्यायालयात गेला. नव्वदच्या दशकात आणि पुन्हा २००९ मध्ये न्यायालयाने त्या मंजनाला औषध मानण्यास नकार दिला. सामान्य ग्राहक त्याकडे रोजच्या दातघासणीची वस्तू म्हणून पाहतो, हे तिथे निर्णायक ठरले. एकाच परंपरेतील दोन वस्तू, एकच खाते, आणि निकाल परस्परविरुद्ध. विधिज्ञ यावर आजही वाद घालतात. उद्योजकाने त्यातून एवढे घ्यावे, की पूर्वजांची पुण्याई पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. विकोने पहिल्या दिवसापासून परवाना, घटक आणि आपले म्हणणे यांत सुसंगती ठेवली. वेष्टनावर एक, जाहिरातीत दुसरे आणि न्यायालयात तिसरे, असे झाले असते तर तीस वर्षे काय, तीन सुनावण्याही निभावल्या नसत्या.

गजाननराव पेंढरकर २०१५ मध्ये गेले. यशवंतराव त्यांच्यानंतर अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपूर येथे वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डोंबिवलीतील महाविद्यालयाला केशवरावांचे नाव आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की हे नाव नागपुरातील एका किराणा दुकानदाराचे आहे?

आता आसेगावपुरते. २०१७ मध्ये अबकारी कर जाऊन वस्तू व सेवा कर आला, तेव्हा आयुर्वेदिक औषधांना १२ टक्के आणि सौंदर्यप्रसाधनांना २८ टक्के असा प्रारंभीचा दर होता. सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधे ५ टक्क्यांवर आली आणि दंतमंजन, टूथपेस्ट यांनाही ५ टक्केच लागू झाले. म्हणजे मंजनाचा जुना तंटा निदान करापुरता निकाली निघाला. चेहऱ्याला लावायच्या सर्वसाधारण क्रीमचा दर मात्र १८ टक्केच राहिला आणि तिथली सीमारेषा अजून तशीच आहे.

आपल्या भागातील बचत गटांच्या भगिनी हळद पूड करतात, दिवाळीला उटणे करतात. हळद पूड खाण्यासाठी विकायची, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. तीच हळद उटण्यात गेली, तर ते प्रसाधन होते. आणि त्याच उटण्याच्या पुडीवर कोणी हौसेने ‘त्वचारोगांवर रामबाण’ असे छापले, तर तो औषधाचा दावा ठरतो आणि त्याला आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो. एका हळकुंडाच्या या तीन वाटा आहेत. पेंढरकरांपाशी कायद्याचा पदवीधर भाऊ होता, बचत गटापाशी तो नसतो. म्हणून यंदाच्या दिवाळीची वेष्टने छापायला टाकण्यापूर्वी गटाच्या दोघी-तिघींनी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जावे, वेष्टनावरचा मजकूर तिथे दाखवावा आणि कोणता शब्द ठेवायचा, कोणता गाळायचा हे लेखी विचारून घ्यावे. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम पावसाळ्यातच उरकलेले बरे.